ट्यूबलाइटच्या चोकचा इंपीडन्स घरी कसा मोजावा

चोक (लोखंडी पट्ट्यांवरची तारेची गुंडाळी, जी ट्यूबचा प्रवाह आवरते) चांगला की जळका हे मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर ठरवावे, असा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा आहे. माझ्याजवळच्या ४० वॅटच्या तांब्याच्या चोकचा रोध मीटरवर ४५ ओहम दिसतो. तेवढाच अडथळा असता, तर २३० व्होल्टवर त्यातून पाच अँपिअर वाहिले असते. प्रत्यक्षात हा हिशोब आठपटींनी चुकतो, कारण सेकंदाला ५० आवर्तने करणाऱ्या प्रवाहाला गुंडाळीचे बदलते चुंबकक्षेत्रही अडवते. चुंबकक्षेत्राच्या या अडथळ्याला रिॲक्टन्स म्हणतात; तारेचा रोध आणि हा रिॲक्टन्स मिळून होणारा अडथळा म्हणजे इंपीडन्स.

मोजमाप थेट मेन्सवर, म्हणजे घरातल्या २३० व्होल्टवर, कधीही करू नका. १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घ्या आणि त्याच्या सेकंडरीवर (१२ व्होल्टच्या बाजूवर) ३३० ओहमचा अर्ध्या वॅटचा रेझिस्टर व चोक सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक, जोडा. रेझिस्टरची खरी किंमत आधी मोजून लिहून ठेवा.

मग एकाच मीटरने, एसी रेंजवर, तीन व्होल्टेज घ्या: एकूण, रेझिस्टरवरचे आणि चोकवरचे. मला अनुक्रमे १२.०, ७.३७ आणि ८.३७ मिळाले.

खरी अडचण इथे सुरू होते. ७.३७ आणि ८.३७ यांची बेरीज १५.७४ येते, म्हणजे पुरवठ्याहून जास्त. पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा मी मीटरची बॅटरी बदलली, प्रोब बदलले, सारे जोड पुन्हा डाग दिले आणि एक अख्खी संध्याकाळ घालवली. मीटर बरोबरच होता. रेझिस्टरवरचे व्होल्टेज प्रवाहाबरोबर चढते-उतरते, तर चोकवरचे जवळपास पाव आवर्तन आधीच शिखर गाठते. दोन्ही शिखरे एका क्षणी येत नाहीत, म्हणून त्यांची साधी बेरीज करता येत नाही. उलट, तुमची बेरीज पुरवठ्याइतकीच भरली, तर जोडणीतला चोक चोकसारखा वागत नाही असे समजा.

यावर उपाय कंपासपेटीत आहे आणि सूत्र पाठ करण्यापेक्षा तो मला अधिक भरवशाचा वाटतो. एक व्होल्टला एक सेंटिमीटर धरून ७.३७ सेंटिमीटरची आडवी रेघ काढा. डाव्या टोकावरून १२ चा आणि उजव्या टोकावरून ८.३७ चा कंस मारा. कंस जिथे छेदतील तिथून रेघेच्या वाढवलेल्या भागावर लंब टाका. लंबाची उंची सुमारे ८.२६ येते आणि उजव्या टोकापासून त्याचा पाया सुमारे १.३३ वर पडतो.

प्रवाह ७.३७ भागिले ३३० म्हणजे ०.०२२३ अँपिअर. चोकवरचे ८.३७, लंबाची उंची ८.२६ आणि पायाचे अंतर १.३३ यांना त्याने भागल्यावर अनुक्रमे इंपीडन्स सुमारे ३७५ ओहम, रिॲक्टन्स ३७० आणि रोधाचा भाग ६० येतो. हा रोध मीटरच्या ४५ पेक्षा जास्त आहे म्हणून दचकू नका. लोखंडी पट्ट्यांत उष्णता होऊन वाया जाणारी ऊर्जाही त्यात धरली जाते.

या आकड्याचा सर्वांत मोठा उपयोग दुरुस्तीत होतो. गुंडाळीचे थोडे वेढे आपसात शॉर्ट झाले, तर ओहममध्ये दोन-तीनचाच फरक पडतो आणि चोक निर्दोष भासतो. इंपीडन्स मात्र स्पष्ट घसरतो. त्यामुळे त्याच मॉडेलचा एक नवा चोक मोजून तो आकडा त्याच्या पत्र्यावर मार्करने लिहून ठेवा आणि संशयित चोकची तुलना त्याच्याशीच करा.