आयात मासळी घेताना या चुका टाळा

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असली की वाशी-नेरूळकडचे बरेच जण फ्रीजरकडे वळतात. दिवाळे गावच्या मासळी बाजारात कल्ले उचलून बघितल्याशिवाय बांगडा न घेणारे आपण, इथे पाकिटावरचं चित्र बघून पैसे मोजतो.

पहिली चूक नावाला भुलण्याची. 'इंडियन सामन' म्हणजे आपला रावस. मासा झकास, पण त्याला नॉर्वेच्या सामनचा भाव देऊ नका. सामनचं मांस नारिंगी, त्यात चरबीच्या पांढऱ्या रेघा, रावसाचं फिकट. नुसतं 'फिश फिले' लिहिलेलं, पांढरंशुभ्र, बिनकाट्याचं काही दिसलं तर तो बहुधा बासा. व्हिएतनामहून येतो, खायला हरकत नाही, सुरमईच्या भावात मात्र नको. मसाला लावून तळल्यावर भल्याभल्यांना फरक कळत नाही, म्हणून सुरमई कातडीसकट तुकड्यांतच घ्यावी.

पाकीट उलटं करून वाचा. आयातदाराचं नाव, पत्ता आणि 14 आकडी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा परवान्याचा) क्रमांक वेगळ्या स्टिकरवर असला तरी चालतो. मूळ तारखेवरच स्टिकर डकवलेला असेल तर पाकीट जागेवर ठेवा. वजन बघताना बर्फ वगळून असलेलं निव्वळ वजन शोधा: 400 रुपयांच्या किलोभर पाकिटात मासा 800 ग्रॅम असेल, तर तुम्ही किलोला 500 मोजताय. तुकडे एकमेकांना चिकटून ढेकूळ झालेले, आत बर्फाचा भुगा साठलेला, म्हणजे माल मध्ये कुठेतरी वितळून पुन्हा गोठलाय.

घरी आल्यावर ओट्यावर वितळवू नका, आपल्या दमट हवेत तर नाहीच. रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. हवा काढून बंद केलेलं पाकीट असेल तर आधी फोडा. हवा नसलेल्या पाकिटात बोट्युलिझमचे, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेचे, जंतू वाढू शकतात.

आणि 'शिजवलं की सगळं मरतं' हे ट्यूना-बांगड्याला लागू नाही. हे मासे उबेत राहिले की त्यांत हिस्टामिन हे अ‍ॅलर्जीसारखा त्रास देणारं रसायन तयार होतं, आणि ते ना शिजवून जातं ना गोठवून. खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल झालं, डोकं ठणकलं, अंगाला खाज सुटली, तर लोक माशाची अ‍ॅलर्जी समजतात आणि तो मासा कायमचा सोडतात. डॉक्टरांना काय खाल्लं ते सांगा आणि पाकीट कचऱ्यात टाकू नका. तक्रार करायची तर बॅच क्रमांक त्यावरच असतो.