उन्हापासून त्वचा वाचवताना या चुका टाळा

होळी झाली की आमच्या औषधांच्या दुकानात 'टॅन घालवायला काहीतरी द्या' म्हणणाऱ्यांची रीघ लागते, आणि त्यांतील निम्म्यांनी घरी आधीच काही ना काही उद्योग करून ठेवलेला असतो.

त्या उद्योगांत पहिला मान लिंबाचा. 'क जीवनसत्त्व आहे, नैसर्गिक आहे' एवढ्या भांडवलावर लिंबाची फोड थेट तोंडावर चोळली जाते. लिंबाच्या रसात, आणि त्याहून अधिक सालीत, फ्युरोकौमारिन नावाची द्रव्ये असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागले की त्यातील यूव्हीए या अतिनील किरणांमुळे ती पेशींच्या डीएनएला जखडतात आणि पेशी मरू लागतात. बावचीच्या बियांतील सोरालेन याच कुळातले असून, कोडावर बावची लावून उन्हात बसवण्याचा जुना उपचार याच क्रियेवर चालतो. थोडक्यात, जे लावून माणसाला मुद्दाम उन्हात बसवतात, त्याच्याच भाऊबंदाला लोक उन्हाचे औषध समजतात.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात पोलीस भरतीची तयारी करणारा एक मुलगा आला. गाल लालबुंद, मानेवर पाण्याने भरलेले फोड, आणि हनुवटीपासून गळ्यापर्यंत काहीतरी ओघळल्यासारख्या रेषा. मैदानावर भाजले असेल असे धरून मी कोरफडीची जेल दिली आणि मोकळा झालो. ऊन कधी रेषा काढत नाही, हे मला तेव्हाच सुचायला हवे होते. पठ्ठ्या रोज सकाळी लिंबू चोळून, न धुताच धावायला जात होता. हा त्रास साधारण एक-दोन दिवसांनी उमटत असल्याने त्यालाही लिंबाचा संशय आला नव्हता, आणि माझी जेल घेऊन गेल्यावरही फोड नसलेल्या जागी तो लिंबू लावतच राहिला. त्वचारोगतज्ज्ञांनी पहिल्याच प्रश्नात ते बाहेर काढले. फोड लवकर बसले, तपकिरी रेषा मात्र दिवाळीपर्यंत होत्या. तेव्हापासून मानेवर रेषा दिसली की मी आधी स्वयंपाकघराची चौकशी करतो.

दुसरी चूक शिकल्यासवरलेल्यांची आहे: क जीवनसत्त्वाचे सीरम लावले म्हणून सनस्क्रीन सोडून देणे. उन्हातील यूव्हीबी हे दुसरे अतिनील किरण डीएनएवर थेट आघात करतात, आणि त्यांना वाटेत अडवणे क जीवनसत्त्वाच्या आवाक्यातले नाही. उन्हामुळे पेशीत सुटणारे मुक्त कण (पेशीला इजा करणारे अस्थिर रेणू) शमवणे, एवढेच त्याचे काम. ड्यूक विद्यापीठातील शेल्डन पिनेल यांच्या गटाने २००५ मध्ये दाखवले, की १५ टक्के क आणि १ टक्का ई जीवनसत्त्वाच्या द्रावणात ०.५ टक्के फेरुलिक आम्ल (भाताच्या कोंड्यातही असते ते) घातले की मिळणारे संरक्षण चौपटीवरून आठपटीवर जाते. हा प्रयोग डुकराच्या त्वचेवर झाला होता, हे जाहिरातीत कोणी छापत नाही. तरीही सनस्क्रीनच्या खाली दुसरी फळी म्हणून मी ते सांगतो.

ते ताजे असेल तरच, अर्थात. एल-अॅस्कॉर्बिक आम्ल (म्हणजेच क जीवनसत्त्व) त्वचेत शिरण्यासाठी द्रावणाचा पीएच (आम्लता मोजणारा आकडा) ३.५ पेक्षा कमी लागतो, आणि हवा-उजेड लागला की ते पिवळे, मग चहासारखे तपकिरी होते. महाग आहे म्हणून तशीच बाटली संपवणारे मी रोज पाहतो. मी स्वतः सर्वांत लहान बाटली घेतो, उघडल्याची तारीख मार्करने लिहितो आणि ती फ्रिजच्या दारात ठेवतो. रंग गडद झाला की टाकून देतो. चघळायच्या नारिंगी गोळ्या गुलाबपाण्यात कुटून सीरम करणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही. त्यात साखर आणि रंगच जास्त असतो.

त्वचेसाठी म्हणून ब-३ जीवनसत्त्वाच्या गोळ्याही मागितल्या जातात; त्यात नायसिनमाइड या रूपाच्या जागी नायसिन हे रूप घेऊ नका. अंग लाल होऊन तापते. ऑस्ट्रेलियात २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नायसिनमाइडच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळीने, दिवसातून दोनदा घेतल्यावर, मेलानोमा हा घातक प्रकार वगळता इतर नवे त्वचाकर्करोग २३ टक्क्यांनी कमी झाले; पण ते सर्व आधी असे कर्करोग होऊन गेलेले रुग्ण होते आणि गोळी थांबताच फायदाही ओसरला. टॅनसाठी ती मागणाऱ्यांना मी परत पाठवतो.

धूम्रपान करणाऱ्यांनी बीटा-कॅरोटीनच्या (गाजरातल्या नारिंगी रंगद्रव्याच्या) गोळ्यांच्या वाटेला जाऊ नये. फिनलंडमधील १९९४ च्या चाचणीत त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग वाढला होता.

गाजराच्या बियांचे तेल सनस्क्रीन नाही. खोबरेल तेलही नाही.

आणि सनस्क्रीन वाटाण्याएवढे घेऊन साऱ्या तोंडावर ओढू नका. बाटलीवरचा एसपीएफ (उन्हापासूनच्या संरक्षणाचा आकडा) दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम या थरावर मोजलेला असतो. चेहरा आणि मान मिळून मी दोन बोटांच्या लांबीएवढे घेतो, आणि दुपारी जेवणानंतर पुन्हा.