सिंगापूरहून पहिली क्रूझ : दारूचे नियम आणि बंदरावरची सहल कशी ठरवावी

सिंगापूरच्या सहलीला जोडून तीन-चार रात्रींची क्रूझ घेणारी मराठी कुटुंबं आता बरीच दिसतात. मरीना बे क्रूझ सेंटरवरून जहाज सुटतं, मलेशियातल्या पोर्ट क्लांग, पिनांग किंवा थायलंडमधल्या फुकेतला थांबतं आणि परत सिंगापूरला येतं. राहणं, जेवण, रात्रीचे कार्यक्रम तिकिटातच असल्यामुळे माणूस निर्धास्त असतो. पण दारू आणि बंदरावर उतरून केलेली सहल या दोन गोष्टी बहुतेक तिकिटांत नसतात. खर्च फुगतो तो इथे, आणि जहाज चुकण्याची वेळ येते तीही इथेच. म्हणून हे दोन्ही निर्णय घरी बसून घ्या. जहाजावर चढल्यावर गडबडही असते आणि दरही बहुधा जास्त असतात.

१. ड्यूटी-फ्रीची बाटली आधी घेऊ नका

मुंबई विमानतळावर किंवा सिंगापूरच्या चांगी विमानतळावर उतरल्यावर व्हिस्की घ्यायची आणि केबिनमध्ये बसून प्यायची, हा बेत जवळजवळ सगळ्याच जहाजांवर फसतो. चढताना सामान विमानतळासारखंच एक्स-रेमधून जातं. व्हिस्की, रम, व्होडका, बिअर नेता येत नाही. काही कंपन्या बाटली ठेवून घेतात आणि शेवटी परत देतात, काही परत देतच नाहीत. पाण्याच्या किंवा माउथवॉशच्या बाटलीत भरून नेण्याच्या युक्त्या तिथल्या सुरक्षा कर्मचाऱ्यांना पाठ आहेत, त्या भानगडीत पडू नका.

वाइनला मात्र थोडी सवलत असते. रॉयल कॅरिबियन या कंपनीच्या जहाजांवर पिण्याच्या वयाच्या प्रत्येक प्रवाशाला चढण्याच्या दिवशी ७५० मिलीची वाइन किंवा शॅम्पेनची एक बाटली हातातल्या सामानात नेता येते. ती जहाजाच्या रेस्टॉरंटमध्ये उघडली तर बाटली उघडण्याचं वेगळं शुल्क लागतं. प्रत्येक कंपनीचा नियम निराळा असतो आणि बदलतोही. त्यामुळे आपल्या कंपनीच्या संकेतस्थळावरचा मजकूर निघण्याच्या आठवड्यात पुन्हा एकदा वाचा.

वाटेत एखाद्या बंदरावर किंवा जहाजावरच्याच दुकानात घेतलेली बाटलीही लगेच हातात मिळत नाही. ती जमा होते आणि शेवटच्या रात्री किंवा उतरण्याच्या सकाळी मिळते.

याच तपासणीत इस्त्री, किटली आणि एक्स्टेंशन बोर्डही काढून घेतात. आगीच्या भीतीने हे नियम फार कडक असतात.

२. कुणाला कुठे चालतं, ते वयाप्रमाणे पाहा

कॉलेजातली मुलं बरोबर असतील तर हे आधी बोलून घ्या. सिंगापूरमध्ये दारूसाठी किमान वय १८ आहे, आणि तिथून सुटणाऱ्या जहाजांवरही बहुधा तेच चालतं. थायलंडमध्ये ते २० आणि मलेशियात २१ आहे. म्हणजे एकोणीस वर्षांच्या मुलाला जहाजावर बिअर मिळेल, पण पिनांगला उतरल्यावर मिळणार नाही. आपल्या महाराष्ट्रात तर कडक दारूसाठी २५ वर्षं पूर्ण लागतात. सिंगापूरला परतल्यावर रात्री साडेदहा ते सकाळी सात या वेळेत रस्त्यावर, बागेत, सार्वजनिक जागी पिण्याला बंदी आहे, हेही मुलांच्या कानावर घाला.

मुंबईहून लक्षद्वीपला जाणारं जहाज घेणार असाल तर तिथे बंगाराम बेट सोडून दारूबंदी आहे. उतरताना पिशवीत काहीही ठेवू नका.

३. पॅकेजचा हिशेब कागदावर करा

जहाजावर रोख चालत नाही. केबिनचं कार्डच सगळीकडे दाखवायचं आणि बिल खात्यावर चढत जातं. त्यामुळे खर्च जाणवत नाही. 'अमर्याद पेयांचं पॅकेज' त्यामुळेच मोहात पाडतं.

समजा, पॅकेज दिवसाला ७० डॉलर आहे आणि एक कॉकटेल १४ डॉलरला आहे. दोन्हींवर सेवाशुल्क सारखंच, बहुतेक ठिकाणी १८ टक्के. म्हणजे रोज पाच कॉकटेल घेतली तर जेमतेम बरोबरी होते. ज्या दिवशी जहाज बंदरात असतं, त्या दिवशी तुम्ही सात-आठ तास बाहेर असता, पण पॅकेजचे पैसे पूर्ण दिवसाचे लागतात. शिवाय अनेक कंपन्यांची अट असते की एका केबिनमधल्या एका प्रौढाने पॅकेज घेतलं तर दुसऱ्यानेही घ्यायचं. नवरा पितो आणि बायको पीत नाही, अशा जोडप्याला मग एकाच्या पाचऐवजी दहा पेल्यांचा हिशेब लागतो. एकाच्या पॅकेजवर दुसऱ्याने प्यायलं तर पॅकेज रद्द होऊ शकतं.

माझं स्पष्ट मत सांगते : संध्याकाळी एक-दोन पेले घेणाऱ्यांनी पॅकेज घेऊच नये, सुटं घ्यावं. बुफेमधलं पाणी, चहा, साधी कॉफी फुकट असते. खात्यातली रक्कम केबिनच्या टीव्हीवर किंवा कंपनीच्या ॲपवर रोज रात्री बघा. चुकीची नोंद त्याच दिवशी सांगितली तर चटकन निघते.

४. अंतर बघून सहल ठरवा

प्रत्येक बंदरावर जहाजाची कंपनी स्वतःच्या सहली विकते आणि त्या बाहेरच्यापेक्षा महाग असतात. तरी त्या घ्यायच्या की नाही, याचं एका वाक्यात उत्तर नाही. जहाजाने आयोजित केलेल्या सहलीची बस अडकली तर जहाज थांबतं, नाहीतर कंपनी तुम्हाला पुढच्या बंदरावर पोहोचवते. स्वतः गेलात आणि उशीर झाला, तर जहाज निघून जातं आणि पुढचा सगळा खर्च तुमचा. म्हणजे वरचे पैसे तुम्ही देता ते या हमीचे. जायचं ठिकाण जितकं लांब, तितकी या हमीची गरज जास्त.

पिनांगला हमीची गरज नाही. स्वेटनहॅम धक्क्यावरून बाहेर पडलं की जॉर्ज टाउन समोरच आहे. या जुन्या शहराला २००८ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. फोर्ट कॉर्नवॉलिस, क्वीन स्ट्रीटवरचं मरिअम्मन देऊळ, लिटल इंडिया, कपितान केलिंग मशीद, पाण्यावर खांब रोवून बांधलेल्या चिनी वस्त्या, हे सगळं पायी होतं. लिटल इंडियात शाकाहारी दाक्षिणात्य जेवण मिळतं, तेव्हा ज्येष्ठांचीही सोय होते. माझ्या मते या मार्गावरचं हे सगळ्यात सुंदर बंदर आहे आणि ते स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या गतीने बघावं. पिनांग हिल करायची असेल तर मात्र सकाळी आधी तिकडे जा आणि शहर नंतर पाहा, कारण डोंगरावर नेणाऱ्या फ्युनिक्युलर रेल्वेची रांग कधी कधी फार मोठी असते.

पोर्ट क्लांगचं उलट आहे. बंदराजवळ बघण्यासारखं फारसं नाही आणि क्वालालंपूर ४० किलोमीटरपेक्षा लांब आहे. एका बाजूला तासभर तरी जातो, गर्दीच्या वेळी जास्त. त्यात बाटू केव्हजच्या २७२ पायऱ्या चढायच्या आणि पेट्रोनास टॉवर्सही बघायचे असतील, तर इथे जहाजाचीच सहल घ्या.

फुकेतलाही फी फी बेटासारखी स्पीडबोटची लांब सहल जहाजातर्फेच करा. जवळच्या किनाऱ्यावर बसायचं असेल तर स्वतः जा. मात्र फुकेतच्या पातोंग किनाऱ्याला जहाज पुष्कळदा खोल पाण्यात नांगरतं आणि लाँचने किनाऱ्यावर नेतात. हलत्या लाँचमध्ये पाय टाकणं गुडघेदुखीच्या माणसांना अवघड जातं. मे ते ऑक्टोबरच्या पावसाळी दिवसांत समुद्र खवळलेला असला तर हे बंदर रद्दही होऊ शकतं. आई-वडिलांना घेऊन जाणार असाल तर नोव्हेंबर ते मार्चमधली तारीख धरा.

ग्रुप टूरबरोबर जात असाल तर किनाऱ्यावरची सहल पैशांत धरली आहे का आणि उशीर झाल्यास जबाबदारी कुणाची, हे टूर कंपनीकडून लेखी घ्या.

५. मोबाइलच्या घड्याळावर विसंबू नका

थायलंड सिंगापूरपेक्षा एक तास मागे आहे. जहाज सिंगापूरची वेळ पाळत असेल आणि तुमचा फोन फुकेतच्या नेटवर्कवर गेला असेल, तर फोनवर चार वाजलेले असतात तेव्हा जहाजावर पाच झालेले असतात. हातात साधं घड्याळ घाला आणि त्यात जहाजाचीच वेळ ठेवा.

जहाज सुटण्याची वेळ आणि सगळ्यांनी परत चढण्याची वेळ वेगळ्या असतात. चढण्याची वेळ सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधीची असते. लाँचचं बंदर असेल तर शेवटची लाँच कधी, तेही बघा. स्वतः फिरत असाल तर परत चढण्याच्या किंवा शेवटच्या लाँचच्या वेळेच्या दीड तास आधी धक्क्यावर असावं.

उतरण्यापूर्वी रोजच्या छापील पत्रकाचा फोटो काढा. बंदरावरच्या एजंटचा फोन नंबर त्यात असतो आणि मागे राहिलात तर पहिला फोन त्यालाच करायचा. केबिनचं कार्ड, फोटो असलेलं ओळखपत्र, पासपोर्टची प्रत, रोजची औषधं आणि थोडं स्थानिक चलन जवळ ठेवा. पासपोर्ट बरोबर घ्यायचा की नाही, ते जहाजावरून त्या-त्या बंदरासाठी सांगतात.

भर उन्हात बिअर पिऊन पोहायला किंवा स्नॉर्केलिंगला उतरू नका. जीव धोक्यात जातो, आणि प्रवासविम्याच्या बहुतेक पॉलिसींत दारूच्या अमलाखाली झालेल्या अपघाताची भरपाई मिळत नाही.

६. परतताना सिंगापूरची कस्टम्स

लंगकावी हे मलेशियातलं करमुक्त बेट असल्याने तिथे दारू स्वस्त मिळते आणि लोक दोन-दोन बाटल्या उचलतात. पण मलेशियाहून सिंगापुरात येणाऱ्याला दारूवर करसवलत मिळत नाही. शेवटचं बंदर मलेशियातलं असेल तर बाटली लाल मार्गावर जाऊन जाहीर करा आणि कर भरा. सिगारेटवर तर कुठूनही आलात तरी सवलत नाही, आणि ई-सिगारेट सिंगापूर व थायलंड दोन्हीकडे बंदी असलेली वस्तू आहे. घरी न्यायची बाटली शेवटी चांगी विमानतळावर, भारताचं विमान पकडताना घ्या. प्रौढ प्रवाशाला भारतात दोन लिटरपर्यंत करमुक्त आणता येते.