करवंटीपासून सक्रिय कार्बन : आधी उपयोग ठरवा, मग रसायन निवडा

नारळाच्या करवंटीपासून सक्रिय कार्बन (असंख्य सूक्ष्म रंध्रांचा, शोषून घेणारा कोळसा) तयार करण्यापूर्वी तो पाण्यातील अशुद्धी शोषण्यासाठी हवा आहे की सुपरकपॅसिटर या विद्युतसाठ्याच्या साधनात विद्युतभार साठवण्यासाठी, हे निश्चित करावे. एका कामाला उपकारक ठरणारा रासायनिक बदल दुसऱ्या कामात बाधा आणू शकतो, त्यामुळे केवळ पृष्ठफळाचा (रंध्रांच्या आतील भागासह एकूण पृष्ठभागाचा) आकडा मोठा असून भागत नाही. कोकणात सहज मिळणारी करवंटी घट्ट असते आणि तिच्यात राख कमी असते, म्हणून ती दोन्हींसाठी चांगली.

पाण्यासाठी कार्बन करायचा असल्यास करवंटी धुऊन, 110 अंश सेल्सिअसला वाळवून, 1 ते 2 मिलिमीटर आकारात दळून चाळावी. वजनाइतक्या किंवा दुप्पट फॉस्फोरिक आम्लात ती रात्रभर भिजवून सुमारे 450 ते 500 अंशांवर तासभर तापवावी आणि उदासीन होईपर्यंत गरम पाण्याने धुवावी. शिसे किंवा कॅडमियम काढायचे असेल, तर त्यानंतर विरल नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करावी. तिच्यामुळे पृष्ठभागावर कार्बोक्सिल हे ऑक्सिजनयुक्त आम्लधर्मी गट येतात आणि धातूंचे आयन त्यांना चिकटतात. फिनॉलसाठी मात्र हीच प्रक्रिया टाळावी, कारण या गटांभोवती पाणी जमते आणि फिनॉलचे शोषण घटते. शिशाची चाचणी सामू (pH) 5 च्या आसपास घ्यावी. त्याहून बराच जास्त सामू असला की शिसे हायड्रॉक्साइडच्या रूपाने खाली बसते आणि कार्बनने न केलेल्या कामाचे श्रेय त्याला मिळते. ही चूक अहवालात लपून राहते, म्हणून कार्बन न घातलेला नमुना सोबत ठेवणे मी अत्यावश्यक मानतो.

विद्युतसाठ्यासाठी पोटॅशियम हायड्रॉक्साइड अधिक योग्य आहे, कारण त्यामुळे 2 नॅनोमीटरपेक्षा लहान रंध्रे विपुल होतात. करवंटीचा कोळसा आधी नायट्रोजनमध्ये करून घ्यावा, त्यात तिप्पट वजनाचे हायड्रॉक्साइड मिसळावे आणि निकेलच्या मुशीत नायट्रोजनच्या प्रवाहाखाली 750 ते 800 अंशांवर तासभर ठेवावे. चिनी मातीची मूस या वितळलेल्या हायड्रॉक्साइडपुढे टिकत नाही. या अभिक्रियेत धातुरूप पोटॅशियम तयार होते, ते हवेत किंवा पाण्यात पेट घेऊ शकते. म्हणून भट्टी नायट्रोजनमध्येच पूर्ण थंड होऊ द्यावी, पहिली धुलाई फ्यूम हूडखाली (वायू बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटात), चष्मा व हातमोजे घालून, थोड्या थोड्या प्रमाणात करावी आणि मग विरल हायड्रोक्लोरिक आम्ल व ऊर्ध्वपातित पाणी वापरावे.

युरिया किंवा मेलामाइनसोबत नायट्रोजनमध्ये पुन्हा तापवल्यास कार्बनमध्ये नायट्रोजनचे अणू शिरतात आणि जलीय विद्युतअपघटनीत (आयन वाहून नेणाऱ्या पाण्यातील द्रावणात) धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, वाढू शकते. सेंद्रिय विद्युतअपघटनीत सुमारे 2.7 व्होल्टपर्यंत जायचे असेल, तर ऑक्सिजनयुक्त गट कमी ठेवावेत; ते विद्युतभाराची गळती वाढवतात. इलेक्ट्रोडसाठी 80 भाग कार्बन, 10 भाग कार्बन ब्लॅक (वीज वाहणारी बारीक काजळी) आणि 10 भाग बंधक (कण एकत्र धरणारा पदार्थ) घेऊन लेप द्यावा व तो निर्वातात 120 अंशांवर पूर्ण वाळवावा, कारण रंध्रांत अडकलेला ओलावा सेंद्रिय विद्युतअपघटनी खराब करतो.