परक्या देशात खो-खो रुजवायचा असेल तर

परदेशातल्या एका शाळेत मी दोन वर्षं खो-खो शिकवला. पहिल्या दिवशी फळ्यावर मैदान काढलं, खांब दाखवले, पाटी म्हणजे दोन खांबांमधला पट्टा समजावला. पाऊण तासात मुलांचे डोळे खिडकीबाहेर गेले. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना थेट मैदानावर नेलं. तुम्हीही तसंच करा. आठ जणांना एका ओळीत, एकाआड एक उलट्या दिशेला तोंड करून बसवा, नवव्याला पाठलागावर सोडा. बसलेल्याच्या पाठीवर हात ठेवून मोठ्यानं ‘खो’ म्हणायचं, मधली पाटी ओलांडायची नाही, घेतलेली दिशा बदलायची नाही. पहिल्या आठवड्याला एवढं पुरतं. सूर मारून बाद करणं, तीन-तीनच्या तुकड्या, गुण हे सगळं मुलं स्वतः विचारायला लागली की सांगा.

मुलींना पहिल्या दिवसापासून घ्या. ‘आधी मुलांचा संघ उभा राहू दे’ असं शाळा म्हणेल, ते ऐकू नका. अर्ध्या वर्गाला बाहेर बसवलं, तर तो खेळ त्या देशाचा कसा होणार?

शब्दांबाबत मात्र सैल राहा. ‘खो’ तेवढा जपा, बाकीचं त्यांना त्यांच्या भाषेत म्हणू द्या. होरेस विल्सन या अमेरिकी शिक्षकानं १८७२ च्या सुमारास तोक्योच्या विद्यार्थ्यांना बेसबॉल शिकवला. पुढे १८९४ मध्ये चुमान कानाए यांनी त्याला ‘याक्यू’ हे नाव दिलं, मैदान आणि चेंडू या दोन अर्थांचं. जपानी माणूस आजही तेच म्हणतो. पण नुसत्या नावानं काम झालं नाही. योकोहामात राहणाऱ्या परदेशी लोकांचा क्लब जपानी विद्यार्थ्यांशी खेळायला वर्षानुवर्षं तयार नव्हता. अखेर १८९६ मध्ये सामना झाला आणि इचिको शाळेच्या पोरांनी तो २९-४ असा जिंकला. परदेशी सत्तांनी लादलेल्या विषम करारांचा सल जपानला तेव्हा होताच. त्यामुळे शाळेचा विजय साऱ्या देशाचा झाला.

म्हणून जुन्याजाणत्या संघाशी सामना लवकर ठरवा, आणि पाहुण्या संघाला मुद्दाम हरू देऊ नका. मुलांना ते लगेच कळतं आणि खोटा विजय कुणी आपला मानत नाही.

तुमचे शिष्य तुमच्याच देशाला हरवतील, याची तयारी ठेवा. नाशिकच्या शैलजा जैन यांनी इराणच्या महिलांना कबड्डी शिकवली. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्या संघानं भारताला २७-२४ असं हरवून सुवर्ण घेतलं. त्याच स्पर्धेत इराणच्या पुरुषांनीही भारताला उपांत्य फेरीत बाहेर काढलं. त्या निकालांनी मला दुःख झालं नाही, कबड्डी खरोखर दुसऱ्या देशाची झाली याचा आनंद झाला. खो-खोच्या पहिल्या विश्वचषकात, २०२५ मध्ये, पुरुष आणि महिला दोन्ही अंतिम सामन्यांत नेपाळ आपल्यासमोर होता. आता नेपाळकडे माझं बारीक लक्ष आहे.

शेवटचं काम शिट्टीचं. ती तुमच्याच हातात राहिली, तर तुमच्यामागे खेळ बंद पडेल. दुसऱ्या सत्रात मी ती तेरा वर्षांच्या एका मुलीकडे दिली आणि स्वतः पाठलागाला उतरलो. तिसऱ्याच मिनिटाला तिनं दिशा बदलल्याबद्दल माझा फाऊल पकडला. निर्णय बरोबर होता.