हात कोणाचा? मध्ययुगीन इंग्रजी लेखनिकाचं अक्षर कसं ओळखावं

दोन हस्तलिखितांतले ‘जी’ सारखे दिसतात, म्हणजे लेखनिक एकच, असं कुणी सांगितलं तर तिथेच थांबवा. १४०० च्या आसपास लंडनमध्ये पोटासाठी लिहिणारी मंडळी एकाच वळणात घडलेली होती, त्यामुळे त्यांचे ‘जी’ सारखेच दिसणार. चिटणिशी वळणाचे मोडी कागद चाळणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

सरावाला चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर याच्या ‘कँटरबरी टेल्स’च्या दोन हस्तलिखित प्रती घ्या. हेंगर्ट प्रत वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे आणि एल्समेअर प्रत कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन ग्रंथालयात. दोन्हींची छायाचित्रं ऑनलाइन मिळतात आणि दोन्ही एकाच हातच्या मानल्या जातात. सुरुवात, मध्य आणि शेवट अशी तीन ठिकाणची पानं निवडा. मथळे वगळा, ते बहुधा जास्त औपचारिक लिपीत असतात.

आधी वळण ठरवा. दोन कप्प्यांचा ‘ए’, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा ‘जी’ आणि ओळीखाली उतरणारा लांब ‘आर’ म्हणजे अँग्लिकाना. एका कप्प्याचा ‘ए’, आखूड ‘आर’ आणि अक्षरांना टोकदार शिंगं असतील तर सेक्रेटरी. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून दोन्हींची सरमिसळही सापडते.

मग छायाचित्रांतून एकेका अक्षराची कात्रणं काढा. ‘आय’, ‘एम’, ‘एन’, ‘यू’ यांच्या नादी लागू नका. त्या नुसत्या उभ्या काड्या. ‘ए’, ‘डी’, ‘जी’, ‘एच’, ‘आर’, ‘एस’, ‘डब्ल्यू’, ‘वाय’, शिवाय थॉर्न (‘टीएच’साठीचं जुनं अक्षर) आणि योघ (‘वाय’ किंवा ‘जीएच’साठीचं जुनं अक्षर), प्रत्येकी वीस नमुने तरी हवेत. सगळी कात्रणं एकाच प्रमाणात आणा, म्हणजे काड्यांची उंची सारखी होईल. प्रत्येक कात्रणावर पानाचा क्रमांक, पुढची-मागची बाजू, ओळ आणि अक्षर शब्दात कुठे आलं ते लिहा.

आता खरी अडचण. बहुतेक जण इथेच फसतात, कारण ते आकार बघतात आणि आकार तर वळणाकडून आलेला असतो. लेखनिकाचं स्वतःचं काय ते रेघांच्या क्रमात, दिशेत आणि जोडांत सापडतं. ‘डब्ल्यू’ घ्या. छायाचित्र मोठं करा. डावी दांडी कुठून सुरू होते? वरचा फास बंद आहे की उघडा? उजवीकडचं पोट दांडीला मध्यावर चिकटतं की खाली? लेखणी किती वेळा उचलली? ‘डी’चा फास पोटावर परत येऊन टेकतो की हवेतच संपतो? ‘एच’ची शेपूट ओळीखाली जाऊन डावीकडे वळते का? वीसपैकी किती वेळा, ते मोजा. एखादा देखणा नमुना उचलून दाखवणं म्हणजे पुरावा नव्हे.

जागाही सांभाळा. एकच लेखनिक शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी वेगवेगळे ‘एस’ वापरतो; ‘ओ’नंतरचा ‘आर’ अनेकदा इंग्रजी दोनाच्या आकड्यासारखा असतो. सुरुवातीचा ‘एस’ शेवटच्या ‘एस’शी ताडलात तर एका माणसाचे दोन करून बसाल. लिपीचा दर्जा बदलला तरी तसंच होतं: एल्समेअर ही थाटाची प्रत आहे, हेंगर्ट तुलनेने साधी. थाटात लिहिताना फास आणि टोकं बदलतात. रेघांचा क्रम सहसा बदलत नाही.

आणि फरक शोधा! दहा साम्यांपेक्षा एक ठाम फरक जड, जर तो सगळ्या पानांवर टिकत असेल आणि जागेने किंवा दर्जाने त्याचा उलगडा होत नसेल. हे कुणालाच आवडत नाही, कारण सगळ्यांना नाव हवं असतं.

नावावरून काय होतं, याचं उदाहरण याच जोडीत आहे. हस्तलिखितांचे अभ्यासक डॉयल आणि पार्क्स यांनी १९७८ मध्ये केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या, चॉसरचा समकालीन कवी गॉवर याच्या काव्याच्या प्रतीत पाच हात वेगळे केले. त्यातला ‘बी’ हात हेंगर्ट आणि एल्समेअरचाही, असं त्यांनी मांडलं, पण त्याला नाव दिलं नाही. २००४ मध्ये अभ्यासक लिन मूनी यांनी लंडनच्या लेखनिक संघाच्या वहीत एका सभासदाने लिहिलेल्या शपथेशी तुलना करून त्या सभासदाचं अ‍ॅडम पिंकहर्स्ट हे नाव जाहीर केलं. २०११ मध्ये जेन रॉबर्ट्स यांनी हरकत घेतली: पुरावा म्हणून दिलेल्या बऱ्याच लकबी त्या काळच्या लेखनिकांत सर्रास होत्या. मला ही हरकत वजनदार वाटते. म्हणून एखादी लकब ‘खास’ म्हणण्याआधी त्याच शहरातल्या, त्याच दशकांतल्या निदान पाच-सहा इतर हातांत ती शोधा. तिथेही सापडली तर यादीतून काढून टाका.

दस्तऐवज आणि कवितेची प्रत ताडताना आणखी एक खड्डा आहे. दस्त बहुधा लॅटिनमध्ये असतो. तिथे थॉर्न आणि योघ मिळत नाहीत आणि ‘डब्ल्यू’ आला तर एखाद्या नावात. तुमची सगळ्यात बोलकी अक्षरंच गळतात.

शब्दलेखन शेवटी तपासा. नकलून घेताना मूळ प्रतीतली रूपं आत शिरतात, त्यामुळे ती साक्ष दुय्यम. मात्र थॉर्न आणि ‘वाय’ अगदी एकसारखे काढलेले दिसले तर लेखनिक उत्तरेकडचा असण्याचा विचार करा.

निष्कर्ष तीनच प्रकारे लिहा: तोच हात, बहुधा तोच हात, सांगता येत नाही. खाली न जुळलेली कात्रणं आधी लावा, जुळलेली नंतर.