औष्णिक केंद्रात शिफ्टला नवीन लागलेल्यांसाठी

ट्रेनी म्हणून आलेली मुलं कंट्रोल रूममध्ये लवकर रमतात. तिथे एसी असतो, स्क्रीनवर सगळं युनिट दिसतं. माझं आग्रहाचं सांगणं आहे, पहिलं वर्ष जमेल तेवढं खाली फिरा, झिरो मीटरपासून (तळमजल्यापासून) ड्रम फ्लोअरपर्यंत (बॉयलरच्या वरच्या मजल्यापर्यंत). 210 मेगावॅटचं युनिट पूर्ण लोडवर, म्हणजे पूर्ण वीजनिर्मितीवर, चाललं तर दिवसाला साडेतीन हजार टनांच्या आसपास कोळसा खातं. त्यात बहुतेक वेळा 35 ते 40 टक्के राखच, म्हणजे रोज हजार टनांहून जास्त राख बाहेर काढायची. दिवसाची धावपळ मुख्यतः या दोन टोकांचीच असते.

खरी परीक्षा पावसाळ्यात. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा या केंद्रांना वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स) खाणी जवळ, पण कोळसा भिजूनच येतो. ओल्या कोळशाने मिलचं (कोळसा दळून भुकटी करणाऱ्या यंत्राचं) आउटलेट तापमान आधी उतरतं. एरवी 75-80 अंशांवर असणारा आकडा साठीकडे आला आणि गरम हवेचा डँपर (झडप) पूर्ण उघडलेला असला, की फीडर (मिलला कोळसा देणारं यंत्र) कमी करण्यावाचून इलाज नसतो. मग तेच तापमान एकाएकी चढू लागतं आणि नवीन माणसाला हायसं वाटतं. तेव्हा आधी मिलचा करंट बघा. अँपिअर पडत असतील तर बंकरमधून (मिलच्या वरच्या कोळशाच्या कोठीतून) कोळसा यायचाच थांबलाय. आत उरलेल्या भुकटीवर नुसती गरम हवा जातेय, आणि ती पेटायला वेळ लागत नाही. गरम हवा बंद करा, थंड हवा द्या, फीडर फ्लोअरच्या माणसाला बंकर ठोकायला सांगा. फ्लेम डगमगायच्या आत ऑइल गन (भट्टीत तेल फवारून ज्वाळा टिकवणारी नळी) घ्या. तेल महाग म्हणून इथे थांबणं मला अजिबात पटत नाही. युनिट ट्रिप झालं (बंद पडलं) तर पुन्हा लाइटअपला (बॉयलर पेटवायला) कितीतरी जास्त तेल जातं.

म्हणून शिफ्ट घेताना पहिला प्रश्न बंकर लेव्हलचा, दुसरा सीएचपीचा (कोळसा हाताळणी विभागाचा) कोणता बेल्ट चालू आहे याचा. लॉगबुक वाचाच, पण जाणाऱ्या डेस्क इंजिनिअरला दोन मिनिटं थांबवून बोला. वहीत ‘सी मिल चालू’ एवढंच असतं. तिचे रिजेक्ट (न दळता बाहेर पडणारे दगड) वाढलेत हे तो बोलण्यात सांगतो.

लोड आपल्या मर्जीचा नसतो. राज्य भार प्रेषण केंद्राकडून 15 मिनिटांच्या ब्लॉकप्रमाणे शेड्यूल येतं. ऊन पडून सौर वीज वाढली की लोड उतरवायला सांगतात. 2023 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे 55 टक्क्यांपर्यंत, म्हणजे 210 चं युनिट साधारण 115 वर. इतक्या कमी लोडवर ओला कोळसा जाळत फ्लेम टिकवणं पूर्ण लोडपेक्षा अवघड. संध्याकाळी पुन्हा चढायचं असतं, तेव्हा बंद ठेवलेली मिल घेता येईल ना, हे दुपारीच बघून ठेवा.

बॉयलरच्या ट्यूब लीकेजची चाहूल डीएमच्या (क्षार काढलेल्या) मेकअप पाण्यावरून, म्हणजे तूट भरायला घालाव्या लागणाऱ्या पाण्यावरून लागते. लोड तोच असताना मेकअप वाढला, आयडी फॅनचा (भट्टीतला धूर ओढणाऱ्या पंख्याचा) करंटही वाढला, तर बॉयलरभोवती फिरा आणि मॅनहोल-पीपहोलपाशी कान द्या. पीपहोल उघडू नका. फर्नेस पॉझिटिव्ह झाली (आतला दाब बाहेरच्यापेक्षा वाढला) तर ज्वाळा थेट तोंडावर येते. सापडलेली जागा एलिव्हेशन (उंची) आणि कोपऱ्यासकट लिहून ठेवा, शटडाउनमध्ये मेंटेनन्सवाल्यांचे तास वाचतात.

बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरची परीक्षा द्यायची असेल, तर कोणत्या बॉयलरवर कधीपासून काम केलं याची कागदपत्रं पहिल्या दिवसापासून जपा.